गोळ्या चालू असूनही बीपी पुन्हा पुन्हा वाढतंय? कारण या क्रमाने शोधा

"डॉक्टर, गोळी कधी चुकवत नाही, तरी बीपी १६० च्या खाली यायचं नाव घेत नाही. आणखी एखादी गोळी देऊन टाका." ओपीडीत हे इतक्या वेळा ऐकू येतं की त्यावर सविस्तर लिहावंसं वाटलं. गोळी वाढते, चार आठवडे आकडे बरे येतात, मग पुन्हा १६०/१००. पुन्हा गोळी वाढते. असं वर्षभर चालतं आणि माणूस मनाशी धरून बसतो की आपलं बीपी 'असंच' आहे.

बहुतेक वेळा ते तसं नसतं. बीपी चढवणारी एखादी गोष्ट घरात, औषधांच्या डब्यात किंवा ताटात रोज हजर असते आणि तिच्याकडे कोणी पाहिलेलं नसतं. ती सापडेपर्यंत गोळ्या वाढवत राहणं मला पटत नाही. म्हणून गोळी वाढवण्याआधी काय काय तपासायचं, ते मी ज्या क्रमाने तपासतो त्याच क्रमाने लिहितो.

त्याआधी एक गोष्ट समजून घ्या. मोठ्या माणसांच्या बीपीत शंभरातल्या ९० ते ९५ जणांना एकच एक कारण नसतं. आईवडिलांकडून आलेली प्रवृत्ती, वय, वाढलेलं वजन, मीठ, दारू, बैठं काम हे सगळं एकत्र येऊन दाब वाढवतं. शरीरात याचा हिशेब मुख्यतः मूत्रपिंडं सांभाळतात. मीठ साचलं की पाणी साचतं, पाणी साचलं की रक्तवाहिन्यांतला दाब चढतो. शिवाय दाब कमी झालाय असं मूत्रपिंडाला वाटलं की ते रेनिन नावाचं द्रव्य रक्तात सोडतं, त्यातून बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि मीठ आणखी धरून ठेवलं जातं. आपल्या बहुतेक गोळ्या याच साखळीत कुठेतरी आडव्या येतात. आणि गोळी निष्फळ करणाऱ्या बऱ्याच गोष्टीही याच साखळीवर काम करतात.

पहिलं: आकडा खरा आहे का?

हे नुसतं वाचून पुढे जाऊ नका, कारण 'न उतरणाऱ्या' बीपीचा मोठा वाटा इथेच निकालात निघतो. जिना चढून आलेला माणूस, हातात चहाचा कप, लघवी तुंबलेली, पाय लोंबकळत, पट्टा शर्टाच्या बाहीवर, आणि मशीन चालू असताना गप्पा. अशा वेळी आलेल्या आकड्यावर गोळी वाढवायची नसते. नुसत्या बोलण्याने वरचा आकडा १० च्या आसपास वाढू शकतो. हात टेबलावर न ठेवता मांडीवर किंवा खाली लोंबता ठेवला तरी पाच-सहाने वाढतो. एकावर एक अशा दोन-तीन चुका झाल्या की १३२ चे १५५ झालेच.

पट्ट्याचं माप तर कोणी बघतच नाही. जाड दंडाला छोटा पट्टा लावला की बीपी खोटं जास्त येतं. घरच्या मशीनसोबत येणारा पट्टा किती सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी आहे हे त्याच्यावरच छापलेलं असतं, बऱ्याच मशीनवर २२ ते ३२. शिंप्याच्या टेपने दंडाचा मधला घेर मोजा. ३५ भरला तर मोठा पट्टा वेगळा मागवा. मनगटावरची मशीन शक्यतो घेऊच नका, हात जरा खालीवर झाला की त्यांचे आकडे बदलतात.

आठ दिवस असं करा. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहा आणि गोळी घेण्याआधी, पाठ टेकून खुर्चीत बसा. पाय जमिनीवर, पायावर पाय नको. पाच मिनिटं काही बोलायचं नाही, मोबाईलही नाही. उघड्या दंडावर पट्टा, हात टेबलावर छातीच्या पातळीत. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. संध्याकाळी जेवणाआधी पुन्हा तसंच. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. दवाखान्यात १४०/९० ही रेघ धरतात, घरी मोजताना ती १३५/८५ असते. घरची सरासरी याच्या आत आणि दवाखान्यात मात्र १६०, असं असेल तर ते बीपी दवाखाना पाहून चढणारं आहे. त्यावर लक्ष ठेवावं लागतं, पण लगेच तिसरी गोळी लागत नाही. उलटही होतं: दवाखान्यात १३०, घरी १५०. हे जास्त धोक्याचं, कारण ते कोणाच्या नजरेला पडत नाही.

पहिल्यांदा मोजताना दोन्ही हातांवर मोजा. फरक सतत १५-२० चा येत असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा, आणि पुढे ज्या हातावर जास्त येतं त्याच हातावर मोजत जा.

दुसरं: गोळी खरंच पोटात जातेय का?

हा प्रश्न विचारला की माणसं दुखावतात. म्हणून मी तो असा विचारतो: "गेल्या आठवड्यात किती गोळ्या राहिल्या?" मग खरं उत्तर येतं. कारणं अगदी साधी असतात. एकादशीला उपास होता, रिकाम्या पोटी गोळी कशी घ्यायची? (ॲम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन या बीपीच्या गोळ्या रिकाम्या पोटीही चालतात. मधुमेहाच्या गोळ्यांचं तसं नाही, ते वेगळं विचारा.) एसटीने लांब जायचं होतं आणि लघवीची (म्हणजे लघवी वाढवून दाब उतरवणारी) गोळी घेतली तर वाटेत पंचाईत. बायका हे कारण संकोचाने सांगतच नाहीत. त्या दिवशी गोळी टाळण्याऐवजी पोहोचल्यावर घेतली तरी चालते. सकाळी की रात्री, याने फारसा फरक पडत नाही हे मोठ्या अभ्यासातून दिसलंय. रोज घेणं महत्त्वाचं.

सगळ्यात जास्त फसवणूक होते ती अशी. बीपी १२८ आलं, माणसाने गोळी बंद केली. दोन दिवसांनी मोजलं, तरी १३०. चार दिवसांनी १३२. "बघा, गोळीशिवायही नॉर्मल आहे." पण ॲम्लोडिपिन शरीरातून फार सावकाश उतरतं, बंद केल्यावरही काही दिवस त्याचा असर राहतो. पंधरा दिवसांनी आकडा १६५ ला पोहोचतो तेव्हा त्याचा संबंध बंद केलेल्या गोळीशी कोणी लावत नाही, घरातल्या भांडणाशी लावतात. याच कारणामुळे "आज वाढलंय म्हणून आज दोन घेतल्या" यालाही काही अर्थ नाही. ॲम्लोडिपिनचा पूर्ण परिणाम दिसायलाच आठवडाभर लागतो. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल किंवा क्लोनिडिन या गोळ्या मात्र एकदम कधीच बंद करू नका, तसं केलं तर दाब आणि ठोके उसळी मारतात.

त्रास होतो म्हणून गोळी सोडली असेल तर तसं सांगा. ॲम्लोडिपिनने घोट्याशी सूज येते, रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिलने कोरडा खोकला लागतो. दोन्हींवर पर्याय आहेत. गपचूप सोडलेल्या गोळीवर मात्र कोणालाच काही करता येत नाही.

तिसरं: दुसऱ्या औषधांची पिशवी उघडा

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. रुग्णाला बीपीची गोळी तोंडपाठ असते, पण गुडघ्याची गोळी 'औषध' वाटतच नाही. "ती कधीमधीच घेतो." कधीमधी म्हणजे किती, असं खोदून विचारलं की रोज रात्री एक, गेले कित्येक महिने, असं निघतं. मेडिकलमधून आणलेली, दहाची पट्टी, नाव माहीत नाही पण "ती पिवळी".

डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, इटोरिकॉक्सिब ही वेदनाशामकं मूत्रपिंडाला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतात. म्हणजे बीपीची गोळी जे बाहेर काढू पाहते तेच ही आत कोंडतात. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचा परिणाम यांनी बोथट होतो. ॲम्लोडिपिनवर तितका होत नाही. आणि प्रश्न नुसत्या आकड्याचा नाही. टेल्मिसार्टनसारखी गोळी, लघवीची गोळी आणि वर वेदनाशामक, अशी तिन्ही एकत्र आली आणि त्यात जुलाब-उलट्या झाल्या किंवा उन्हातान्हात पाणी कमी पडलं, तर मूत्रपिंडं काही दिवसांत कोलमडू शकतात. मला याची खरंच धास्ती वाटते, कारण आपल्याकडे या तिन्ही गोष्टी एकाच घरात, एकाच डब्यात सापडतात. गुडघ्यासाठी आधी वजन, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, शेक आणि लावायचं जेल बघा. गोळी लागलीच तर पॅरासिटामॉल, तेही विचारून आणि थोडके दिवस. रोज पूर्ण डोसने घेतलं तर त्यानेही दाब थोडा चढतो.

पिशवीत आणखी काय सापडतं ते सांगतो. सर्दीची गोळी: चोंदलेलं नाक मोकळं करणारी फेनिलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन ही द्रव्यं नाकातल्याप्रमाणे बाकीच्या रक्तवाहिन्याही आकसतात. स्टेरॉइड: दम्याच्या किंवा सांध्यांच्या नावाखाली मिळणाऱ्या, नाव नसलेल्या पुड्यांमध्येही ते मिसळलेलं आढळतं. ज्या पुडीने दोन दिवसांत सगळं अंग मोकळं होतं, तिच्याबद्दल शंका घ्याच. पण बरेच दिवस घेतलेली असेल तर एकदम थांबवू नका, पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. गर्भनिरोधक गोळ्या: काही जणींचं बीपी यांनीच वाढतं, म्हणून सुरू करण्याआधी आणि काही महिन्यांनी मोजायला हवं. फसफसणाऱ्या गोळ्या आणि ॲसिडिटीची पावडर: त्यांत सोडियम भरपूर असतं, आणि रोज रात्री जेवणावर ग्लासभर पिणारी माणसं कमी नाहीत.

आणि ज्येष्ठमध. घसा खवखवला की एखादा तुकडा चघळण्याने काही बिघडत नाही. पण त्याचा काढा महिनोन्‌महिने रोज घेतला तर त्यातलं ग्लिसिरायझिन शरीरात मीठ साठवतं आणि पोटॅशियम घालवतं. झाडपाल्याचं आहे म्हणून ते सांगायचं राहतं. राहू देऊ नका.

चौथं: मिठाचा हिशेब पुड्यावर लिहा

"आम्ही मीठ कमीच खातो" हे प्रत्येक घर म्हणतं. जीभेला सवय झालेली असते, त्यामुळे तिची साक्ष धरता येत नाही. त्यापेक्षा मिठाचा नवा पुडा फोडाल त्या दिवशी त्यावर पेनाने तारीख लिहा आणि तो कधी संपतो ते बघा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चमचा. चौघांच्या घराला दिवसाला २० ग्रॅम, महिन्याला ६०० ग्रॅम. म्हणजे एक किलोचा पुडा दीड महिन्याच्या वर पुरला पाहिजे, आणि तेही बाहेरचं खाणं यात धरलेलं नसताना. बहुतेक घरांत तो महिन्याच्या आत संपतो.

या पुड्यात न दिसणारं मीठ वेगळंच. पापड, लोणचं, ठेचा, सांडगी मिरची, फरसाण, चिवडा. कोकणात सुकट, खारा बांगडा. वडापावसोबतच्या मीठ लावलेल्या तळलेल्या मिरच्या तर दिसतात तरी, पण पाव, खारी, टोस्ट आणि बिस्किटं यांत मीठ आणि सोडा असतो हे लक्षातच येत नाही. सकाळी चहासोबत चार टोस्ट खाणारे आजोबा भाजीत मीठ कमी आहे म्हणून स्वतःवर खूश असतात. सैंधव, काळं मीठ, गुलाबी मीठ, सगळं मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. उपासाला सैंधव खाल्लं तरी बीपीला ते मीठच.

कणकेत आणि भातात मीठ घालणं बंद करा, पापड-लोणचं रोजच्या ताटातून सणाच्या ताटात न्या, वरून मीठ घेण्याची वाटी टेबलावरून उचला. पहिले पंधरा दिवस सगळं अळणी लागेल. तीन-चार आठवड्यांत जीभ सरावते आणि मग हॉटेलची भाजी खारट लागायला लागते. लिंबू, आमसूल, ओली मिरची, कोथिंबीर यांनी पुष्कळ काम भागतं. बाजारात मिळणारं कमी सोडियमचं मीठ चांगलं आहे, पण त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांतलं काही चालू असेल, तर रक्तातलं पोटॅशियम तपासल्याशिवाय ते वापरू नका.

पाचवं: रात्री काय होतं, ते जोडीदाराला विचारा

घोरण्याला आपण हसतो. पण मोठमोठ्याने घोरता घोरता श्वास मध्येच थांबतो, मग गचका देऊन पुन्हा सुरू होतो, सकाळी डोकं जड आणि दुपारी खुर्चीत पेंग, हे सगळं असेल तर झोपेत श्वास अडण्याचा आजार असण्याची दाट शक्यता आहे. रात्रीत शेकडो वेळा प्राणवायू खाली जातो, दर वेळी शरीर घाबरून उठतं आणि दाब चढवतं. तीन-तीन गोळ्यांना दाद न देणाऱ्या बीपीत हे कारण वारंवार सापडतं. रुग्णाला स्वतःला काहीच माहीत नसतं, म्हणून मी बायकोला किंवा नवऱ्याला आत बोलावून विचारतो. "अहो, मी तर उठून हलवून बघते, श्वास चालू आहे ना म्हणून," असं एखादी सांगते तेव्हा पुढची तपासणी ठरलेली असते. झोपेची चाचणी होते, वजन उतरवावं लागतं, गरज पडली तर रात्री हवेच्या दाबाचं मशीन लावावं लागतं.

दारू, तंबाखू, वजन यांबद्दल थोडक्यात. रोजची दारू बीपी चढवते आणि सोडल्यावर काही आठवड्यांत फरक दिसतो. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र डॉक्टरांना सांगून सोडावी. तंबाखू, मशेरी, सिगारेट प्रत्येक वेळी काही मिनिटांसाठी दाब वर ढकलतात आणि रक्तवाहिन्या खराब करतात ते वेगळंच. वजन एक किलो उतरलं की वरचा आकडा साधारण एकाने उतरतो, म्हणजे सात-आठ किलोचा फायदा एका गोळीच्या जवळपास जातो.

टेन्शनचं काय? त्याने दाब तात्पुरता चढतो हे खरं, आणि सततच्या ताणात झोप, खाणं, चालणं सगळं बिघडतं हेही खरं. पण "मुलीचं लग्न झालं की उतरेल" म्हणून वर्ष वर्ष थांबलेली माणसं मी पाहिली आहेत. लग्नं होतात, बीपी तिथेच राहतं.

सहावं: मूत्रपिंडं आणि ग्रंथी

वरचं सगळं चोख असूनही दाब उतरत नसेल, तर मागे लपलेला आजार शोधायचा. विशेषतः तिशीच्या आत बीपी सुरू झालं असेल, वर्षानुवर्षं आटोक्यात असलेलं अचानक उसळलं असेल, किंवा लघवीच्या गोळीसह तीन गोळ्या पूर्ण डोसने घेऊनही आकडा वर असेल, तर. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी), सोडियम-पोटॅशियम, लघवीतली प्रथिनं, साखर, थायरॉइड आणि ईसीजी एवढ्यावर बराच उलगडा होतो. मूत्रपिंडाचा आजार हे यातलं सगळ्यात मोठं कारण, आणि मधुमेह असलेल्यांत तो गुपचूप येतो. टेल्मिसार्टन सुरू केल्यावर क्रिएटिनिन बरंच वर गेलं तर मूत्रपिंडाची रोहिणी अरुंद आहे का हे सोनोग्राफी-डॉपलरने पाहतात. तरुण मुलीला बीपी आहे आणि एका हाताची नाडी लागत नाही, असं असेल तर मोठ्या रक्तवाहिन्यांना सूज आणणारा ताकायासूचा आजार डोक्यात हवा. आपल्या देशात तो दिसतो.

पोटॅशियम सतत कमी येत असेल तर मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीतून अल्डोस्टेरोन, म्हणजे मीठ धरून ठेवायला लावणारं संप्रेरक, जास्त पाझरत असेल. जेरोम कॉन यांनी १९५५ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. पुष्कळ काळ तो दुर्मीळ समजला जायचा, पण हट्टी बीपीत तो चांगलाच आढळतो, आणि पोटॅशियम नॉर्मल असतानाही असू शकतो. रक्तातल्या अल्डोस्टेरोन आणि रेनिनच्या गुणोत्तरावरून त्याचा माग लागतो. स्पायरोनोलॅक्टोन इथे चांगलं लागू पडतं, काहींची तर शस्त्रक्रियेने सुटका होते. झटक्याझटक्याने डोकं दुखणं, दरदरून घाम आणि छातीत धडधड असं तिन्ही एकदम होत असेल तर त्याच ग्रंथीतल्या एका गाठीचा विचार करतात. ती क्वचितच असते, पण चुकवून चालत नाही.

घाई केव्हा करायची

१८०/१२० च्या वर आकडा आला आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, बोबडी वळणं, तोंड वाकडं होणं, एक हात-पाय गळून जाणं, दिसेनासं होणं किंवा गोंधळल्यासारखं वागणं यांतलं काहीही असेल तर थेट दवाखाना, १०८ ला फोन. गरोदरपणात डोकेदुखी आणि अंधारी असेल तर १८० ची वाट पाहू नका, १४०/९० वरही तातडीने जा. पण आकडा मोठा आणि बाकी काही त्रास नाही, असं असेल तर शांत बसून अर्ध्या तासाने पुन्हा मोजा, गोळी राहिली असेल तर घ्या आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवा. जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडून झटकन दाब उतरवण्याची जुनी पद्धत अजून कुठे कुठे चालते. ती करू देऊ नका. दाब धाडकन उतरला की मेंदूला आणि हृदयाला रक्त कमी पडतं.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना आठ दिवसांच्या आकड्यांचा कागद, घरचं मशीन, आणि घरातली सगळी औषधं एका पिशवीत घेऊन जा: गुडघ्याची, सर्दीची, काढ्याची, शेजारणीने दिलेली पुडीसुद्धा. मशीन तिथल्या मशीनशी ताडून बघता येतं. आणि बीपी घराण्यात चालत येतं, म्हणून घरातल्या तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचं एकदा मोजून घ्या. उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ते फुकट मोजून मिळतं.